मोटरवरची विभूती

रेडिओचं बटण फिरवलं की आमच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून एरियल आपोआप वर यायची, आणि बटण बंद केलं की आपोआप आत जायची. डिकीत, बाजूच्या अस्तरामागे तिची एक छोटी मोटर होती. लहानपणी मी मागच्या सीटवर गुडघे टेकून उभी राहायची आणि काचेतून ती वर येताना बघायची. शाळेत कुणाच्याच गाडीला तशी एरियल नव्हती. पण हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. मी फारसं कुणाला काही सांगायचीच नाही.

ती पांढरी गाडी अजून आमच्याकडे आहे, हुबळीतल्या उणकलच्या घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. अप्पा ती आता चालवत नाहीत. त्यांना काचबिंदू आहे. त्यात समोरचं बराच काळ दिसत राहतं, कडेचं आधी जातं. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं अप्पा सांगतात, आणि आता ते समोरचंही धूसर झालंय. एका संध्याकाळी दुर्गदबैल बाजारातलं दुकान बंद करून येताना कडेनं आलेली हातगाडी त्यांना दिसलीच नाही. कुणाला लागलं नव्हतं. तरी घरी आल्यावर त्यांनी किल्ली आईच्या हातात दिली आणि हात धुवायला गेले. पुढच्या वर्षी दुकानही दुसऱ्याला चालवायला दिलं. नट, बोल्ट, बिजागऱ्या आणि कुलपांचं दुकान होतं आमचं.

त्यानंतर रोज सकाळी सातच्या सुमारास अप्पा शेडमध्ये जाऊन गाडीत बसू लागले. ड्रायव्हरच्याच सीटवर. किल्ली अर्धी फिरवायची, दार उघडं ठेवायचं आणि धारवाडच्या केंद्रावर जे लागेल ते ऐकायचं. वचनं, भावगीतं, अमरगोळच्या बाजारात आज मिरचीची आवक कशी होती ते. रेडिओ घरातही होता. पण घरात सगळे त्यांच्याशी जरा जपून, हळू आवाजात बोलायचे. गाडीत तसं कुणी बोलायला नसायचं.

आणि रविवारी मेस्त्री यायचे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे, वयानं अप्पांएवढेच. जुन्या धारवाड रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. बॅटरी बघायच्या निमित्तानं यायचे, अप्पांच्या शेजारी बसायचे, दोघं तासभर रेडिओ ऐकायचे आणि कानडीत कुणाकुणाची टिंगल करायचे. मग मेस्त्री गाडी काढून अप्पांना तळ्यापर्यंत एक फेरी मारून आणायचे. अप्पांना ते सावकार म्हणतात. हुबळीत दुकानदाराला सावकारच म्हणतात, दुकान राहिलं नाही तरी. मला म्हणायचे तंगी, धाकटी बहीण. दुकान गेल्यावर अप्पांची बाकीची माणसं एकेक करून यायची थांबली होती. मेस्त्री तेवढे उरले होते, आणि गेल्या वर्षी तेही माझ्यामुळे जायची वेळ आली.

भाद्रपद संपत आला होता. एका सकाळी अप्पांनी रेडिओ लावला आणि एरियल अर्ध्यावर येऊन थांबली. आतून कट-कट-कट आवाज येत राहिला. मी दात घासत पायरीवर उभी होते.

"किती वर आली?" अप्पांनी विचारलं. मागचा कोपरा त्यांना दिसत नाही.

"पूर्ण," मी म्हणाले. का म्हणाले ते मला सांगता येत नाही. त्यांचा दिवस नीट सुरू व्हावा असं वाटलं असेल.

"खोटं बोलू नको. आवाज अर्ध्याचा आहे."

दादा पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला की ती गाडीच आता भंगारात देऊन टाकायला हवी, अप्पांना एक चांगला स्पीकर पाठवतो. मग जरा थांबून म्हणाला की दुरुस्तच करायची असेल तर मेस्त्रींवर लक्ष ठेव. असले पार्ट आता कुठे मिळत नाहीत. एकाच्या गाडीतला चांगला काढायचा, दुसऱ्याच्या गाडीत घालायचा आणि पहिल्याला भलतंच काहीतरी बसवून द्यायचं, सगळेच करतात. अप्पांना काय दिसणार आहे?

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. लक्ष ठेवणं मला जमतं. बोलणं जमत नाही, म्हणून असेल. दुकानात मी लहानपणी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून अभ्यास करायची, तेव्हा अप्पाच सांगायचे की गिऱ्हाईक बोलतं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघू नको, हाताकडे बघ. मी बघायची. मूठभर वॉशर चाळता चाळता दोन खिशात टाकणारे हात मी अप्पांच्या आधी ओळखायची. पण ओरडून सांगायची हिंमत व्हायची नाही. वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलनं फुली मारायची आणि वही अप्पांकडे सरकवायची.

त्या रविवारी मेस्त्री आले. त्यांनी डिकी उघडली, आतलं अस्तर बाजूला केलं, कान लावला. मला बटण लावायला आणि बंद करायला सांगितलं. तीन वेळा. मग उठून अप्पांना म्हणाले, मोटरला काही झालेलं नाही, आतली दोरी गेलीय. या एरियलच्या आतून नायलॉनची एक दातेरी दोरी जाते. मोटरचं चाक त्या दातांना धरून तिला वर ढकलतं आणि खाली ओढतं. तिचे दात झिजले होते आणि एक तुकडा तुटून मोटरच्या डब्यात अडकला होता. डबा रिवेटनं बंद केलेला असतो, तो इथं उघडता येणार नाही, गॅरेजवर न्यायला लागेल.

"न्या की," अप्पा म्हणाले.

वरचा नट काढला, खालची पट्टी सोडवली, आणि एरियल मोटरसकट हातात आली. एक काळा, तेलकट, गोल डबा आणि त्याला जोडलेली लांब नळी. मेस्त्रींनी ती जमिनीवर कागदावर ठेवली आणि हात पुसायला वळले. मी फोनवर मेसेज बघतेय असं दाखवत तिचे दोन फोटो काढले. एक वरून, एक बाजूनं. अप्पा दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांना काही कळलं नाही. मेस्त्रींना कळलं की नाही, त्याचा अंदाज मला तेव्हा आला नाही.

एरियल नाही म्हटल्यावर रेडिओवर नुसती खरखर. सोमवारी अप्पांनी ती थोडा वेळ ऐकली आणि बंद केली. तरी बसले आठपर्यंत. मंगळवारीही बसले. मी खिडकीतून बघायची. बंद रेडिओसमोर स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला माणूस बाहेरून कसा दिसतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

मेस्त्री म्हणाले होते, चार दिवस. नवरात्र सुरू झालं. चार दिवस झाले, आठ झाले. आईनं फोन केला तर म्हणाले, दोरी मिळत नाही, शोधतोय. मधला रविवार आला, मेस्त्री आले नाहीत. खंडेनवमीला आम्ही गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर हळदीकुंकू लावलं. अप्पांनी डिकीपर्यंत हात नेला आणि एरियल काढलेल्या भोकाच्या कडेलाही एक बोट कुंकू लावलं. आई म्हणाली, अहो तिथं काही नाहीये. अप्पा म्हणाले, येईल की.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्कूटर घेऊन जुन्या धारवाड रस्त्यानं गेले. काम काही नव्हतं. गॅरेजच्या दारात एक पांढरी गाडी उभी होती, अगदी आमच्यासारखी. तेच साल असावं, तेच दिवे. तिच्या मागच्या कोपऱ्यातून एरियल पूर्ण वर आलेली होती आणि उन्हात चमकत होती. मी पुढे जाऊन वळले आणि पुन्हा एकदा समोरून गेले. या वेळी बॉनेट दिसलं. त्यावर विभूतीच्या तीन आडव्या पट्ट्या, मध्ये कुंकवाचा ठिपका.

आमच्याकडे दसऱ्यानंतर आठवडाभर सिग्नलला उभं राहिलं तरी कुठली गाडी कुणाच्या घरची ते कळतं. हळदीकुंकू आणि स्वस्तिक असेल तर आमच्यासारखी माणसं. तीन बोटांनी ओढलेल्या पांढऱ्या पट्ट्या असतील तर विभूती लावणारं घर. मी मनात नोंद केली: आमच्यासारखीच गाडी, विभूतीवाल्या घरची, एरियल चालू. आणि आमची चार दिवसांची एरियल बारा दिवस झाले तरी येत नाही. घरी येऊन मी दादाला मेसेज केला. त्यानं लिहिलं, बघ, म्हटलं नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि जरा बरंही वाटलं.

मेस्त्री त्या रविवारी आले ते पिशवी घेऊनच. अप्पा शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाट बघत होते. आवाज ओळखून आधीच हसायला लागले. मेस्त्रींनी पिशवीतून मोटर काढली. तेल, मळ सगळा निघालेला, डबा स्वच्छ. त्याच्या गोल झाकणावर पांढऱ्या तीन पट्ट्या आणि मध्ये लाल ठिपका.

मी फोन उघडला. फोटोतला डबा काळा होता, तेलकट, त्यावर काहीही नव्हतं. मी दोन वेळा इकडून तिकडे बघितलं. अप्पा मेस्त्रींना विचारत होते की दोरी शेवटी कुठे मिळाली. मेस्त्री म्हणाले, मिळाली एका ठिकाणी. नीट सांगितलं नाही. त्यांचे हात बघितले तर ते नट शोधत होते.

"ही आमची मोटर नाही," मी म्हणाले.

मेस्त्रींशी आपणहून मी काढलेलं ते पहिलं वाक्य असेल. एरवी हो, नाही, बसा, चहा आणते, एवढंच. माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"काय म्हणालीस?" मेस्त्रींनी विचारलं.

"तुमच्या दारात पांढरी गाडी होती, तिची आहे ही. तिच्या बॉनेटवर ह्याच पट्ट्या होत्या. आम्ही पट्ट्या ओढत नाही." मी फोन पुढे केला. "आमच्या मोटरचा फोटो आहे माझ्याकडे."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. मेस्त्रींनी फोनकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. मला वाटलं, पकडले. मग त्यांनी ती मोटर उचलून अप्पांच्या मांडीवर ठेवली.

अप्पांनी ती दोन्ही हातांनी धरली. झाकणावरून बोटं फिरवली, नळीवरून फिरवली, उलटी केली. खालच्या पट्टीपाशी त्यांचा अंगठा आला आणि तिथं जरा थांबला. एक क्षण त्यांचा चेहरा लहान मुलाची चोरी सापडल्यावर होतो तसा झाला. हे मी बघितलं. पण तेव्हा मला वाटलं, मित्रानं फसवलं म्हणून वाईट वाटलं असेल.

"आपलीच आहे," अप्पा म्हणाले. "लावा मेस्त्री."

मेस्त्रींनी मोटर घेतली. लावायच्या आधी खांद्यावरचं फडकं घेऊन झाकणावरच्या पट्ट्या पुसून टाकल्या. सावकाश, पूर्ण, कडेला राहिलेली पांढरी भुकटीसुद्धा. ते बघताना मला पहिल्यांदा शंका आली की माझंच काहीतरी चुकलंय.

एरियल बसवायला दोन माणसं लागतात. एकानं मागे उभं राहून दातेरी दोरी भोकातून सरळ सोडायची, दात चाकाच्या बाजूला ठेवून, आणि दुसऱ्यानं त्याच क्षणी रेडिओ बंद करायचा, म्हणजे मोटर तिला आत ओढून घेते. दुसरं माणूस मीच होते. मेस्त्री मागून फक्त "बटण" म्हणायचे. बटण. परत बटण. एकदाही तंगी म्हणाले नाहीत. तिसऱ्या खेपेला एरियल सर्रकन आत गेली, आणि रेडिओ लावल्यावर कटकट न करता पूर्ण वर आली. अप्पा म्हणाले, वा. मेस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. चहावर साय धरली होती. तळ्यापर्यंतची फेरी त्या दिवशी झाली नाही.

ते गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "आयुधपूजेला मेस्त्रींच्या टेबलावर जे असेल त्या सगळ्याला पट्ट्या लागतात. एकदा माझा चष्मा राहिला होता तिथं. त्यालाही ओढून दिल्या होत्या, दोन्ही काचांवर. तसाच घालून मी दुकानात बसलो होतो."

आईला हसू आलं, तिनं ते दाबलं. अप्पा पुढे म्हणाले की आधी दोरी मिळत नव्हती, मग पूजा झाली की दसऱ्यापर्यंत मेस्त्री पान्याला हात लावत नाहीत, म्हणून उशीर झाला. हे सांगताना ते चिडले नव्हते. चिडले असते तर सोपं गेलं असतं.

तरी माझा संशय गेला नाही, हेही लिहायला हवं. अप्पांना हे माणूस हवं होतं. त्यासाठी ते मोटर कुणाचीही असली तरी आपलीच म्हणाले असते. ज्याला मागचा कोपरा दिसत नाही तो नुसत्या हातानं मोटर कशी ओळखेल? दादाचंही तेच मत पडलं. मी अप्पांना विचारलं, कशी ओळखली. ते म्हणाले, हाताला कळतं. आणि तोंड वळवून पेपर मागितला, जो त्यांना वाचता येत नाही.

पुढच्या रविवारी मेस्त्री आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. अप्पा सकाळी गाडीत जाऊन बसायचे, पण किल्ली फिरवायचे नाहीत. मी म्हणाले, बॅटरी चांगली आहे, लावा की. म्हणाले, लावतो. एरियल नीट झाली होती आणि तिला वर यायला कुणी सांगत नव्हतं. आईनं मला थेट काही म्हटलं नाही. एका दुपारी ज्वारीचं पीठ चाळता चाळता एवढंच म्हणाली, "फोन माझ्याच्यानं होणार नाही. तूच जा."

मी गेले. स्कूटर लांब लावली. गॅरेजच्या दारात पांढरी गाडी नव्हती. मेस्त्री एका टेम्पोच्या केबिनमध्ये डॅशबोर्डखाली डोकं घालून काम करत होते. मला त्यांनी पायांवरून ओळखलं असावं, कारण डोकं बाहेर न काढता म्हणाले, बस. बसायला एक टायर होता. मी बसले. भिंतीला लागून त्यांचं टेबल होतं आणि त्यावरच्या प्रत्येक वस्तूवर फिकट झालेल्या तीन पट्ट्या होत्या. पक्कडीवर, मीटरवर, सोल्डरिंग आयर्नवर. चहाच्या थर्मासवरसुद्धा.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले.

"अप्पा रेडिओ लावत नाहीत," मी म्हणाले. वाटेत दुसरंच काहीतरी बोलायचं ठरवलं होतं.

"परत बिघडली?"

"नाही."

"मग?"

मला पुढचं येईना. मराठीत येईना, कानडीत येईना, इंग्रजीत तर तिथं कुणाशी बोलणार. मेस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"फोटो आहे म्हणालीस ना. दाखव."

मी फोन दिला. त्यांनी वरून काढलेला फोटो सोडून दिला आणि बाजूनं काढलेला मोठा केला. त्यांच्या बोटाचं ग्रीस काचेला लागलं. फोन माझ्यापुढे धरून त्यांनी खालच्या पट्टीवर नख ठेवलं. मळाच्या थरात, एका ओळीत, तीन बारीक खड्डे होते.

"हे काय ठाऊक आहे? तुमच्या दुकानातल्या, लोखंडावर खूण करायच्या पंचाचे आहेत. सावकार उसन्या दिलेल्या हत्यारावर मारायचे ना, तीन ठिपके. परत आलेलं आपलंच आहे का बघायला."

ते मला माहीत होतं. दुकानातल्या प्रत्येक पान्यावर होते. पण मोटरवरचे मी कधी बघितले नव्हते, आणि फोटो माझ्याच फोनमध्ये महिनाभर होता.

मेस्त्री दुसऱ्या टायरवर बसले. गाडी नवीन होती तेव्हाची गोष्ट, म्हणाले. एरियल पहिल्यांदा बिघडली, तेव्हा अप्पांची आणि त्यांची ओळख नवीन. एका संध्याकाळी येऊन त्यांनी ती बघितली, उद्या काढून नेतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी काढली तर पट्टीवर हे तीन ठिपके, ताजे, आत धातू चमकत होता. आदल्या दिवशी नव्हते.

"तुझे अप्पा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. दुरुस्त करून दिली आणि सहा महिने त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नाही."

"मग?"

"मग स्क्रू पाहिजे होते. तसले स्क्रू पूर्ण दुर्गदबैलात त्यांच्याकडेच."

मला हसायचं धाडस झालं नाही. त्या पांढऱ्या गाडीचं मी विचारलं नव्हतं, पण तेही त्यांनी सांगितलं. त्या मालकाला वर-खाली होणारी एरियल नको होती, साधी, न हलणारी हवी होती. त्याची चांगली दोरी काढून त्यांनी आमच्या मोटरमध्ये घातली. आणि पट्ट्या मालकाच्या नव्हत्या. पूजेच्या दिवशी माझ्या दारात जे उभं असतं ते माझं, मेस्त्री म्हणाले, मग ते टेबलावरचं असो की रस्त्यावरचं.

"सावकार ठिपके मारून गप्प बसले. तू तोंडावर विचारलंस." ते उठून पुन्हा टेम्पोकडे वळले. "ह्यात बरं कुठलं, ते मला कळत नाही. दोन्ही लागतंच."

"मी..." मी म्हणाले.

"असू दे. एक कर. ठिपके मला ठाऊक आहेत हे सावकारांना सांगू नको. इतकी वर्षं त्यांना वाटतंय मी बघितले नाहीत."

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, कुठे गेली होतीस. सांगितलं, मेस्त्रींकडे. मग दुसरीकडेच बघत विचारलं, मोटरबद्दल काही बोलले का ते, म्हणजे तिच्यावर काही खूण वगैरे. मी नाही म्हणाले. आवाजावरून खोटं ओळखणारा माणूस तो, पण त्या वेळी त्यांनी ओळखलं नाही. किंवा ओळखून सोडून दिलं. मी त्यांच्या हातांकडे बघितलं तर अंगठा तर्जनीवर काहीतरी चाचपत होता.

रविवारी फाटकाची कडी वाजली. मी पायरीवर होते. मेस्त्री फाटकातच थांबले, आत येईनात. हातातली पिशवी खाली ठेवून, शर्टाची कॉलर सरळ करून उभे राहिले.

"तंगी, आधी फोटो काढ," ते म्हणाले. "जाताना तोच माणूस आहे का, बघायला लागेल."

शेडमधून अप्पांनी विचारलं, कसला फोटो? मेस्त्री म्हणाले, काही नाही री सावकार, आणि आत आले. मी फोटो काढला नाही. नंतर वाटलं, काढायला हवा होता. ते खरंच थांबले होते.

दोघं पुढच्या सीटवर बसले. अप्पांनी किल्ली अर्धी फिरवली आणि रेडिओ लावला. मागून मोटरचा आवाज आला, एकसारखा, आणि थांबला.

"किती वर आली?" अप्पांनी विचारलं.

मी पायरी उतरून गाडीच्या मागे गेले. खालपासून टोकापर्यंत बघितलं, एकेक सांधा बाहेर आलाय का ते बघितलं.

"पूर्ण," मी म्हणाले.

अप्पा शेजारी वळून हळूच म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही एकदा बघा की."

मेस्त्रींनी मान वळवली नाही. ते रेडिओचा आवाज मोठा करत होते.

"ती बघून आलीय," ते म्हणाले. "तिच्यावर कुठे ठिपके मारता?"

अप्पांचा हात स्टिअरिंगवर होता तिथंच राहिला. रेडिओवर अमरगोळची आवक सांगायला लागले होते. ती संपेपर्यंत दोघं ऐकत राहिले. मग अप्पांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि ते हसताहेत हे कळायला मला गाडीच्या पुढच्या बाजूला जावं लागलं.